समस्येचे मूळ कारण शोधण्यासाठी गटाने प्रश्न कसे विचारावेत

एखादी चूक दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा घडली की बैठक बोलावली जाते, आणि अशा बहुतेक बैठकांत पहिल्या दहा मिनिटांतच कोणीतरी कारण सांगून मोकळे होते. ते कारण सहसा सर्वांत वरिष्ठ किंवा सर्वांत ठाम बोलणाऱ्या व्यक्तीचे असते. बाकीचे त्याची री ओढतात, संबंधितांना समज दिली जाते, एक परिपत्रक निघते आणि काही आठवड्यांनी तीच चूक पुन्हा समोर उभी राहते. यावर उपाय म्हणून सर्वांनी एकत्र बसून ‘हे कशामुळे झाले?’ असे टप्प्याटप्प्याने विचारत मुळापर्यंत जाण्याची पद्धत वापरली जाते. पण तीही नुसती उरकली, तर त्याच परिपत्रकापाशी येऊन थांबते. प्रश्न विचारणे सोपे असते. मिळालेले उत्तर खरे आहे की नाही, याची शहानिशा केल्याशिवाय पुढचा प्रश्न विचारायचा नाही, हे पथ्य पाळणे मात्र अवघड असते, आणि पुढील मार्गदर्शनाचा भर मुख्यतः त्याच पथ्यावर आहे.

पद्धतीचा उगम आणि दोन गैरसमज

लागोपाठ कारणे विचारत जाण्याची ही रीत जपानमधील टोयोटा उद्योगाशी जोडली जाते. तिचे श्रेय या उद्योगाचे संस्थापक साकिची टोयोडा यांना दिले जाते, आणि कारखान्याच्या रोजच्या कामात ती रुजवण्यात टोयोटातील अभियंते ताइची ओनो यांचा मोठा वाटा होता. ओनो यांचे उदाहरण आजही प्रशिक्षणवर्गांत सांगितले जाते. यंत्र बंद पडले, कारण भार वाढून फ्यूज उडाला. भार वाढला, कारण बेअरिंगला पुरेसे वंगण मिळत नव्हते. वंगण मिळत नव्हते, कारण पंप ते नीट खेचत नव्हता. पंप खेचत नव्हता, कारण त्याचा दांडा झिजला होता. आणि दांडा झिजला होता, कारण गाळणी नसल्यामुळे धातूचा कीस आत जात होता. नुसता फ्यूज बदलून काम भागवले असते, तर यंत्र काही दिवसांत पुन्हा बंद पडले असते.

पद्धत समजावून सांगायला हे उदाहरण उत्तम आहे, पण त्यातून दोन गैरसमज पसरले आहेत. पहिला पाच या आकड्याचा: ‘कशामुळे?’ हा प्रश्न बरोबर पाच वेळा विचारायचा असतो, असे मानले जाते. अनेक ठिकाणी पाच रकान्यांचा छापील तक्ता भरून घेतला जातो, आणि तिसऱ्याच प्रश्नाला खरे कारण सापडलेले असले तरी उरलेले दोन रकाने काहीबाही लिहून भरले जातात. उलट, वरच्या उदाहरणात गाळणी मुळात का बसवलेली नव्हती, हा सहावा प्रश्न विचारलेलाच नाही, आणि कदाचित तोच सर्वांत उपयोगी ठरला असता. त्या एका यंत्राला गाळणी बसवली, तरी त्याच आराखड्यानुसार बनलेल्या इतर यंत्रांचे काय, हा विचार त्याच प्रश्नातून सुरू होतो.

दुसरा गैरसमज असा की कारणे एकाखाली एक अशी सरळ उतरत जातात. प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर दोन किंवा तीन उत्तरे एकाच वेळी खरी असतात, आणि त्यांतले एकच निवडले तर बाकीच्या फांद्या तशाच राहून जातात. जपानी गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांची माशाच्या सांगाड्यासारखी आकृती या कामी वापरतात. तिच्यात माणसे, यंत्रे, साहित्य, पद्धत, मापन आणि परिसर अशा गटांत संभाव्य कारणे मांडली जातात. सुरुवातीला विचार विस्तारण्यासाठी ती उपयोगी आहे, पण माझ्या मते तिचा अतिरेक होतो. प्रत्येक काट्यावर काहीतरी लिहिलेच पाहिजे असे गटाला वाटू लागते, आणि अंदाजांनी भरलेला कागद संशोधनासारखा दिसू लागतो.

बैठकीपूर्वीची तयारी

समस्या एका वाक्यात लिहून घ्यावी, आणि त्या वाक्यात कारणाचा मागमूसही असू नये. ‘कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे चुकीची लेबले लागतात’ हे वाक्य समस्या सांगत नाही, निकाल देते. पुढील विवेचनासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘गेल्या महिन्यात रवाना झालेल्या खोक्यांपैकी १४ खोक्यांवर दुसऱ्याच मालाचे लेबल होते, ही सर्व खोकी दुसऱ्या पाळीत भरलेली होती’, असे लिहिले की काय घडले, किती वेळा घडले आणि केव्हा घडले, हे निःसंदिग्ध होते.

याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारून ठेवावा, जो बहुतेक गट विसरतात: ही समस्या कोठे आढळायला हवी होती, पण आढळली नाही? आपल्या उदाहरणात पहिल्या पाळीत असे एकही खोके सापडलेले नाही. यंत्रे तीच, लेबले तीच, खोकीही तीच. मग दोन्ही पाळ्यांत फरक कशात आहे, हे बैठकीपूर्वीच शोधून ठेवले तर निम्मे अंदाज आपोआप गळून पडतात.

गटात पाच ते आठ माणसे पुरेशी होतात. त्यांत प्रत्यक्ष काम करणारी माणसे असलीच पाहिजेत, त्यांच्या वतीने बोलणारे त्यांचे वरिष्ठ नव्हेत. ज्या विभागाकडून काम येते आणि ज्या विभागाकडे ते पुढे जाते, तेथील एकेक जण असावा. शिवाय त्या कामाशी अजिबात संबंध नसलेली एखादी व्यक्तीही असावी, कारण सर्वांनी गृहीत धरलेल्या गोष्टींविषयी भाबडा प्रश्न तीच विचारू शकते. ब्रिटनमध्ये १९४०च्या दशकात कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांना छोट्या गटांत बसवून एकमेकांच्या अडचणींवर प्रश्न विचारायला लावणारे रेग रेव्हन्स यांचाही भर तज्ज्ञांच्या तयार उत्तरांपेक्षा ताज्या प्रश्नांवर होता.

बैठक चालवणाऱ्या समन्वयकाला त्या समस्येत स्वतःचा हितसंबंध नसावा. विभागप्रमुखानेच समन्वयक व्हावे असे अनेक ठिकाणी गृहीत धरले जाते, आणि तेथेच अर्धी बैठक वाया जाते. कारण प्रमुखाला काय ऐकायचे आहे, याचा अंदाज घेऊन माणसे उत्तरे देऊ लागतात. प्रमुखाची उपस्थिती टाळता येत नसेल, तर त्यांनी सर्वांत शेवटी बोलावे, हे आधी एकांतात त्यांच्याशी ठरवून घ्यावे.

प्रत्यक्ष प्रश्नोत्तरे

पहिला प्रश्न फळ्यावर लिहिल्यानंतर लगेच चर्चा सुरू करू नये. प्रत्येकाने चार-पाच मिनिटे शांतपणे आपले उत्तर चिठ्ठीवर लिहावे, आणि चिठ्ठ्या नावाशिवाय फळ्यावर लावाव्यात. हा वेळ फुकट जातो असे काहींना वाटते, पण पहिल्या मोठ्या आवाजाने सर्वांचे विचार एका दिशेला ओढले जाणे यामुळेच टळते.

लेबलांच्या उदाहरणात पहिल्या फेरीत बहुधा ‘रात्री थकवा येतो’, ‘नवीन माणसे आहेत’, ‘घाई असते’ अशा चिठ्ठ्या येतील. त्या फेटाळू नयेत आणि मान्यही करू नयेत. समन्वयकाने प्रत्येक चिठ्ठीपुढे एकच प्रश्न विचारावा: हे आपल्याला कशावरून कळले? पाहिलेले, नोंदीत सापडलेले, मोजलेले असे काही असेल तर त्याचा उल्लेख चिठ्ठीवर करावा. नसेल तर चिठ्ठीच्या कोपऱ्यात प्रश्नचिन्ह काढून ती तशीच ठेवावी. पाळीची नोंदवही उघडल्यावर असे दिसले की १४ पैकी बरीच खोकी पाळीच्या सुरुवातीच्या दोन तासांतली आहेत आणि ती भरणारी माणसे जुनी आहेत, तर थकवा आणि नवखेपणा ही दोन्ही उत्तरे तेथेच मागे पडतात. बैठकीत मतदान घेऊन कारण ठरवण्याचा मोह अशा वेळी फार होतो. पाच जणांना एखादी गोष्ट खरी वाटली म्हणून ती खरी होत नाही, त्यामुळे या कामात हात वर करून निर्णय घेऊ नये.

आता नोंदवही आणखी बारकाईने पाहिली, आणि चुकलेले प्रत्येक खोके एखाद्या मोठ्या मागणीचे काम संपून दुसरे काम सुरू झाल्यानंतर लगेच भरलेले आहे असे आढळले, तर प्रश्न नेमका होतो. मोठ्या मागणीनंतर असे काय होते, जे छोट्या मागणीनंतर होत नाही? येथे बहुतेक वेळा खोलीतला सर्वांत कमी बोलणारा माणूस शेजाऱ्याला हळूच काहीतरी सांगतो. समजा, रोल बदलणारा मदतनीस म्हणतो, ‘नवा रोल घातला की यंत्र आधीची राहिलेली लेबले आपणहून छापतं ना!’ त्याच्या दृष्टीने ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट असते, पण समोर बसलेल्या तिघांनी ती प्रथमच ऐकलेली असते. समन्वयकाचा कान अशा बोलण्यावर असावा. ‘जरा सर्वांना ऐकू येईल असे सांगता का?’ एवढे म्हणणे पुरते.

यापुढे चर्चा थांबवून सर्वांनी यंत्रापाशी जावे. जवळजवळ संपलेला रोल घालून तीनशे लेबलांचे काम द्यावे आणि काय होते ते पाहावे. रोल दोनशेवीसाव्या लेबलाला संपतो. उरलेली ऐंशी लेबले यंत्राने लक्षात ठेवली आहेत, हे पडद्यावर कोठेही दिसत नाही, म्हणून कामगार ती संगणकावरून पुन्हा मागवतो. नवा रोल बसताच यंत्र आधीची ऐंशी आणि नंतरची ऐंशी अशी दोन्ही छापते. जास्तीची पट्टी फाडून टाकली जाते, पण तिचे शेवटचे टोक कधीकधी खालच्या ट्रेमध्ये राहते, आणि पुढच्या मालाच्या लेबलांची पट्टी त्यावरच येऊन पडते. पहिल्या पाळीत रोल मध्येच संपेल एवढे मोठे काम येतच नसल्याने हा प्रकार तेथे कधी घडत नाही. बैठकीच्या खोलीत बसून हे कोणालाही सुचले नसते.

दोन वेगळ्या वाटा

या टप्प्यावर प्रश्नांची दोन भागांत विभागणी करावी: चूक निर्माण कशी झाली, आणि निर्माण झालेली चूक पकडली का गेली नाही. दुसरी वाट अनेकदा चाललीच जात नाही, आणि ती पहिलीपेक्षा अधिक शिकवते.

मंगळाच्या हवामानाचा अभ्यास करण्यासाठी ११ डिसेंबर १९९८ रोजी सोडलेले नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचताना नष्ट झाले. जमिनीवरील एक संगणकप्रणाली यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेला आवेग पाउंड-सेकंदांत देत होती, आणि तो वापरणारी प्रणाली ते आकडे न्यूटन-सेकंद समजत होती. या दोन एककांमध्ये सुमारे साडेचार पटींचा फरक आहे. ‘एककांची गल्लत’ एवढेच उत्तर लोकांच्या लक्षात राहिले. चौकशी मंडळ मात्र तेवढ्यावर थांबले नाही. नऊ महिन्यांहून अधिक काळाच्या प्रवासात ही गल्लत कोणाच्या लक्षात का आली नाही, हेही त्यांनी विचारले, आणि मूळ कारणाबरोबर आठ साहाय्यक कारणे नोंदवली. यानाचा मार्ग सांभाळणाऱ्या गटाला त्या यानाची पुरेशी ओळख नसणे, निरनिराळ्या गटांमधील संवाद अपुरा असणे, प्रशिक्षण कमी पडणे आणि पडताळणीची प्रक्रिया अपुरी असणे, ही त्यांतली काही होत. एकक दुरुस्त केल्याने ती एक चूक सुधारली असती; या इतर कारणांकडे कानाडोळा केला असता, तर पुढची चूक वेगळ्या रूपात आली असती.

लेबलांच्या बाबतीत पहिल्या वाटेने पुढे जात विचारावे की मोठे काम सुरू करण्यापूर्वीच नवा रोल का घातला जात नाही. अर्धवट रोल काढला की तो वाया गेलेल्या साहित्यात मोजला जातो आणि महिन्याअखेरीस पाळीच्या प्रमुखाला त्याचा जाब द्यावा लागतो, असे उत्तर येऊ शकते. साहित्याची नासाडी टाळण्यासाठी केलेला नियम चुकीच्या लेबलांना जन्म देतो, ही गोष्ट नियम करणाऱ्याच्याही ध्यानात आलेली नसते. दुसऱ्या वाटेने गेल्यास असे दिसू शकते की तपासणीत केवळ खोक्यांची संख्या मोजली जाते आणि छापलेल्या व वापरलेल्या लेबलांचा ताळा कोणीच जुळवत नाही.

माणसाच्या नावापाशी थांबू नये

‘अमुक व्यक्तीने लक्ष दिले नाही’ हे उत्तर आले की गटाला हायसे वाटते, कारण खापर फोडायला डोके मिळालेले असते. नियम असा करावा की कोणत्याही माणसाची चूक हे शेवटचे उत्तर मानले जाणार नाही. ती खरी असेल तर लिहावी, आणि त्याखाली पुढचा प्रश्न घ्यावा: त्या वेळी त्या माणसासमोर काय दिसत होते, त्याला काय ठाऊक होते, आणि त्याच्या जागी दुसरा सक्षम माणूस असता तर त्याने वेगळे काय केले असते? शेवटच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘बहुधा हेच केले असते’ असे येत असेल, तर कारण त्या माणसात नाही, कामाच्या रचनेत आहे. प्रश्नाची वाक्यरचनाही त्याला धरून असावी. ‘तुम्ही पुन्हा लेबले का मागवलीत?’ असे विचारले की समोरचा बचावाला उभा राहतो. ‘पुन्हा लेबले मागवण्याची वेळ कशामुळे आली?’ असे विचारले की तो परिस्थितीचे वर्णन करू लागतो.

शिक्षेची भीती असेल तेथे कितीही कुशल समन्वयक आणला, तरी माणसे मूग गिळून बसतात. अमेरिकेतील हवाई वाहतूक क्षेत्राने हे ओळखून १९७६ साली अशी व्यवस्था सुरू केली की वैमानिक आणि इतर कर्मचारी आपल्या हातून घडलेल्या किंवा पाहिलेल्या चुका, शिक्षेचा अधिकार असलेल्या नियामकाऐवजी, नासाकडे कळवतात, आणि नोंदीतून त्यांची ओळख पुसली जाते. छोट्या संस्थेला एवढे करणे शक्य नसले, तरी या बैठकीतील माहिती कोणाच्या वार्षिक मूल्यमापनात वापरली जाणार नाही, असे वरिष्ठांनी सर्वांसमक्ष आणि लेखी सांगावे. ते सांगून नंतर मोडले, तर पुढच्या बैठकीत कोणी खरे बोलेल अशी अपेक्षा ठेवू नये.

साखळीची परीक्षा आणि थांबण्याची जागा

साखळी तयार झाली की ती खालून वर वाचावी आणि दोन कारणांमध्ये ‘म्हणून’ घालून पाहावे. ‘अर्धवट रोल नासाडीत धरला जातो, म्हणून तो संपेपर्यंत वापरला जातो, म्हणून तो काम चालू असताना मध्येच संपतो, म्हणून उरलेली लेबले पुन्हा मागवली जातात’: हे कानाला सहज पटते. जेथे ‘म्हणून’ अडखळते, तेथे बहुधा एखादा दुवा सुटलेला असतो किंवा एखादे मत कारणाच्या वेषात आत शिरलेले असते. त्यानंतर प्रत्येक दुव्याला दोन प्रश्न विचारावेत. हे कारण नसते, तर परिणाम टळला असता का? आणि हे कारण असूनही परिणाम घडला नाही, असे कधी झाले आहे का? दुसऱ्याचे उत्तर ‘होय’ आले, तर त्या कारणाच्या जोडीला आणखी काहीतरी लागते. येथे ते ट्रेमध्ये राहिलेले टोक आहे.

कोठे थांबावे, याविषयी गटांत बराच वाद होतो. व्यवहारात, ज्या कारणावर संस्थेचे नियंत्रण आहे आणि जे बदलल्यास साखळी तुटते, तेथे थांबणे योग्य. त्याहून खाली ‘बाजारात स्पर्धा आहे’, ‘माणसाचा स्वभावच असा’ अशी उत्तरे येऊ लागली की एक पायरी वर यावे. पुरावा मिळू न शकलेल्या दुव्यावर मात्र थांबू नये. तो उघडा प्रश्न म्हणून नोंदवावा, आणि तो कोण, कधीपर्यंत तपासणार, हे नावानिशी लिहावे.

उपाय ठरवताना ते सर्व सारख्या ताकदीचे नसतात, हे लक्षात ठेवावे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेने रुग्णसुरक्षेसाठी वापरलेल्या क्रमवारीत प्रशिक्षण, सूचना आणि नवे नियम हे दुर्बल उपाय मानले जातात, तर चूक करणेच अशक्य व्हावे असा रचनेतील बदल हा सबळ उपाय मानला जातो. ‘कर्मचाऱ्यांना पुन्हा प्रशिक्षण द्यावे’ एवढेच अहवालाच्या शेवटी असेल, तर शोध अर्धवट राहिला असण्याची दाट शक्यता आहे. लेबलांसाठी सबळ उपाय म्हणजे रोल संपताच उरलेले काम रद्द होईल अशी यंत्राची मांडणी करणे, आणि अर्धवट रोल नासाडीच्या हिशेबातून वगळणे. सूचनाफलक लावायचा असेल तर खुशाल लावावा, पण उपायांच्या यादीत तो एकटा नसावा.

प्रत्येक उपायासोबत, तो लागू पडला हे कशावरून कळेल, तेही त्याच दिवशी ठरवावे: कोणता आकडा, कोणी, किती आठवडे पाहायचा. लेबलांच्या बाबतीत दुसऱ्या पाळीत रोल मध्येच संपल्याच्या नोंदी आणि चुकीची खोकी, असे दोन्ही आकडे पाहावे लागतील. कारण मोठ्या मागण्याच आल्या नाहीत, तर चुका थांबल्यासारख्या दिसतील, पण उपायाची परीक्षा झालेली नसेल. ठरलेल्या मुदतीत समस्या पुन्हा आढळली, तर नवी बैठक कोऱ्या फळ्यावर सुरू न करता जुनी साखळीच समोर ठेवावी आणि प्रश्नचिन्ह असलेल्या ज्या चिठ्ठ्या तपासायच्या राहून गेल्या होत्या, त्यांच्यापासून सुरुवात करावी.